अर्धा अँप्लिफायर

माणसानं अर्धा चहा प्यावा, अर्धी रजा टाकावी, शेजाऱ्याबरोबर अर्धा-अर्धा पेपर वाटून वाचावा. पण घरातल्या चालू अँप्लिफायरची अर्धी-अर्धी वाटणी करू नये. आम्ही केली. आमच्या घराण्यात असले पराक्रम अधूनमधून होत असतात.

त्याचं असं झालं. बाबा गेले आणि भाड्याचं घर सोडायची वेळ आली. माझं आणि दादाचं बिऱ्हाड आधीच वेगळं झालं होतं. सामान वाटताना आम्ही दोघं इतके गोड वागलो म्हणून सांगू! "कपाट तू घे." "छे, छे, दादा, तुझ्याकडे जागा आहे, तूच घे." "मग आरामखुर्ची तरी तू ने." "मला कशाला? पाठ तुझी दुखते." सामान न्यायला आलेला टेम्पोवाला शेवटी म्हणाला, "साहेब, तुमचं प्रेम उरकलं की हाक मारा, मी खाली थांबतो." मग खोलीत एकच वस्तू उरली, बाबांनी स्वतःच्या हातानं बनवलेला अँप्लिफायर. आणि प्रेम तिथंच उरकलं.

ज्यांनी ही वस्तू कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उपड्या घातलेल्या ट्रेसारखं पत्र्याचं एक खोकं. त्यावर पुढच्या बाजूला काचेचे दोन व्हॉल्व्ह, बटण दाबल्यावर सावकाश नारिंगी उजळणारे. मागे विटेएवढा काळा लोखंडी ठोकळा. तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. येणारे-जाणारे कौतुक करायचे ते व्हॉल्व्हचं. ठोकळ्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. पण बाबा त्या ठोकळ्यावर थाप मारून म्हणायचे, "अरे, व्हॉल्व्ह हा ताठ प्राणी आहे. तो आपल्याच तोऱ्यात बोलणार. स्पीकर पडला साधा, त्याला ते झेपत नाही. दोघांचं जमवायला मधे कुणीतरी शहाणं लागतं. ते हे."

आणि ते जमवायला बाबांनी काय कमी खस्ता खाल्ल्या? व्हॉल्व्ह होते मोडीत निघालेल्या कुठल्याशा यंत्रातले, त्यांना साजेसा ट्रान्सफॉर्मर कुठल्याच दुकानात मिळेना. मग बाबांनी स्वतःच तार गुंडाळायला घेतली. जेवायच्या टेबलाच्या एका टोकाला दादा रीळ धरून, दुसऱ्या टोकाला मी तार ताणून, मधे बाबा ओठ हलवत वेढे मोजतायत. तेवढ्यात दादा मला टेबलाखालून लाथ मारायचा, मी ओरडायचो, बाबांची मोजणी चुकायची आणि सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आज टेबल मिळणार आहे का जेवायला?" मिळायचं नाही. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. पण ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी घरात जो आवाज भरला, तो अजून माझ्या कानात आहे. गाणारी बाई आमच्या पलंगावर येऊन बसल्यासारखी वाटली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी बाबा तबकडी लावायचे आणि घरातला केर, कपडे, अभ्यास, सगळं जागच्या जागी थांबायचं.

तर अशी वस्तू कोण सोडेल? मी म्हटलं, "तार मी धरली होती." दादा म्हणाला, "रीळ मी धरलं होतं." मी म्हटलं, "लाथ कुणी मारली?" झालं! टेम्पोवाला वर आला आणि परत खाली गेला. शेवटी चादरींच्या घड्या घालत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, "धाकट्याला खोकं आणि व्हॉल्व्ह. मोठ्याला ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. तबकडी आणि ती वाजवायचं यंत्र माझ्याकडे. विषय संपला."

तिनं पक्कडही आमच्याच हातात दिली. आम्ही दोघांनी गंभीर चेहऱ्यानं तारा कापल्या. खरं सांगायचं तर मी मनातून खूश होतो. उजेड पडतो तो भाग माझ्याकडे आला होता. पुढे मामाकडून कळलं की दादाही खूश होता, का, तर वजनदार भाग त्याच्याकडे गेला. मामानं हे त्याचं मला आणि माझं त्याला सांगितलं, थोडं मीठमसाला लावून. मग मी काहीतरी बोललो, दादा काहीतरी बोलला आणि आमचं बोलणं जे बंद पडलं ते बंदच. वर्षं गेली. आई सहा महिने माझ्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. तिची ने-आण जावा-जावा करायच्या. त्या दोघींचं सूत भलतंच छान होतं, रोज फोनवर गप्पा. आम्ही भाऊ मात्र बाणेदार.

आणि मग एकदा आईची नजर मंदावली. वाचन थांबलं, टीव्हीसमोर ती नुसती सवय म्हणून बसायची. एक दिवस मला म्हणाली, "तुझ्या बाबांचं ते वाजणारं खोकं एकदा ऐकायचं होतं रे. आता ऐकण्यापुरतीच उरले मी."

आता असं म्हटल्यावर कुठला मुलगा स्वस्थ बसेल? मी छाती काढून म्हटलं, "आई, तू तिकडे जायच्या आत वाजवून दाखवतो." बायको आतून म्हणाली, "त्यासाठी मोठ्या भाऊजींना एक फोन केला तरी पुरे." मी म्हटलं, "ट्रान्सफॉर्मर काय जगात एकच आहे?" हे वाक्य मला फार जड गेलं, ट्रान्सफॉर्मरपेक्षाही.

आमच्या खालच्या मजल्यावर वजनमापं खात्यातले एक निवृत्त इन्स्पेक्टर राहतात. सगळी इमारत त्यांना वजनमापे म्हणते. माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिसला की हे गृहस्थ वास लागल्यासारखे हजर. त्यांनी खोकं उचलून पाहिलं, दोनदा हलवलं, आणि म्हणाले, "हलकं आहे. म्हणून वाजत नाही." वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यातूनच सल्ला दिला, "गाणंच ऐकायचं ना? मग मोबाइलवर ऐका की!" मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढे बरेच दिवस माझ्याकडे साखर मागितली नाही.

मी लांबच्या एका शहरातल्या दुकानातून ट्रान्सफॉर्मर मागवला. तो आला, म्हणजे पार्सल कार्यालयापर्यंत आला. तिथल्या खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "काय आहे आत?"

"ट्रान्सफॉर्मर."

"आख्खी वस्तू की सुटा भाग?"

"सुटा भाग."

"कशाचा?"

"अँप्लिफायरचा."

"मग तो अँप्लिफायर घेऊन या. भाग त्याचाच आहे हे दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी खोकं टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन, बसमधून गेलो. शेजारच्या बाई सारख्या टॉवेलात डोकावत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "झोपलंय का?" मी हो म्हटलं. खिडकीशी पोचल्यावर कारकुनानं खोकं चारी बाजूंनी न्याहाळलं आणि म्हणाला, "वाजवून दाखवा."

"साहेब, तुमच्याकडच्या पार्सलमधली वस्तू बसवल्याशिवाय ते वाजणार नाही."

"आणि ते वाजल्याशिवाय ती वस्तू मिळणार नाही."

मागे रांगेत एकजण म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं." आपल्या विरुद्ध बोलणारा माणूस रांगेत नेहमीच असतो, त्याची वेगळी सोय करावी लागत नाही. मी आवाज चढवला, कारकुनानं खिडकी लावली, आणि त्या गडबडीत आतून मोठे साहेब बाहेर आले. त्यांची नजर व्हॉल्व्हवर पडली मात्र, चेहराच बदलला. "अहो, आमच्या काकांकडे होता असा रेडिओ!" म्हणाले. मला आत नेलं, खुर्ची दिली, आणि काका, काकांचा रेडिओ, त्याच्यावरचं विणलेलं कापड, त्याला हात लावला म्हणून खाल्लेला मार, हे सगळं इतकं तपशीलवार सांगितलं की चहा दोनदा आला. शेवटी डोळे पुसत त्यांनी सही केली. खिडकीतला कारकून पार्सल देताना म्हणाला, "आधी सांगायचं ना, ओळख आहे म्हणून!"

घरी येऊन मी तो ट्रान्सफॉर्मर बसवला, बाजारातला एक स्पीकर जोडला, आईला खुर्चीत बसवलं. तिनं आपल्या यंत्रावर तबकडी लावली. व्हॉल्व्ह उजळले. आणि आवाज निघाला तो असा, की गाणारी बाई रिकाम्या पिंपात डोकं घालून गातेय. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान आहे. पण हे ते नाही."

तेवढ्यात एका व्हॉल्व्हच्या पोटातला काळा पत्रा लाल व्हायला लागला. वजनमापे म्हणाले, "तापतोय. आता खरा गाईल." मी मूर्खासारखा त्यांचं ऐकून वाट बघत बसलो. पत्रा लालभडक झाला, खोक्यातून जळका वास आला, टेबलावर डाग पडला, फट् झालं आणि आख्ख्या इमारतीचे दिवे गेले. व्हॉल्व्ह तेवढे नशिबानं वाचले. तेव्हा टीव्हीवर कुठलासा अंतिम सामना अगदी शेवटच्या टप्प्यावर आला होता. जिन्यात जी माणसं जमली त्यांच्यातल्या काहींची तोंडं मी प्रथमच पाहिली. मी म्हटलं, "जुळणी चुकली. व्हॉल्व्हला हवा तसा भार मिळाला नाही." एक आजोबा म्हणाले, "तुम्हाला आम्ही देतो भार!"

दुसरा प्रयत्न मोटारवाल्याकडे. हा पंपाच्या मोटारी गुंडाळणारा गडी. मी त्याला अडचण समजावून सांगायला लागलो, तर मला हातानं थांबवून म्हणाला, "साहेब, मी विहिरीचं पाणी चौथ्या मजल्यावर चढवतो. तुमचं गाणं काय मोठं? किती किलोचा करू ते बोला!" वजनमाप्यांना हा प्रश्न अतिशय आवडला. त्यांनी माझ्या वतीनं सढळ हातानं उत्तर दिलं. जो ट्रान्सफॉर्मर आला तो दोघांनी उचलून आणावा लागला. फळीवर ठेवला, फळी खाली आली. जमिनीवर ठेवला आणि चालू केला, तर असा घुमायला लागला की कपाटातले कप किणकिणू लागले. गाणं कुठेच नव्हतं. पण खालच्या मजल्यांवर पाण्याची मोटार सुरू झाली असं समजून लोक बादल्या घेऊन नळाखाली उभे राहिले. पाणी काही आलं नाही. त्या दिवसापासून मला जिन्यात 'पाणीवाले' म्हणतात.

आई खुर्चीत तशीच, हात मांडीवर ठेवून बसलेली. "हे ते नाही," म्हणाली. मग थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "राहू दे रे आता. परवा मी तिकडे जायची. नशिबात नसेल तर नसेल."

लोकांची बोलणी मी सहन केली, फळी पडली ती सहन केली, पण हे मला सोसवेना. मी उठलो, खोकं पुन्हा टॉवेलात गुंडाळलं. बायकोनं विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "विचारू नकोस." ती म्हणाली, "बरं. जाताना मोठ्या भाऊजींसाठी ह्या चकत्या—" आणि जीभ चावली. तिच्या हातात फ्यूजच्या तारेच्या चकत्या होत्या. दादाच्या घरी फ्यूज गेलेला हिला कसा ठाऊक, हे विचारायला मी थांबलो नाही. जोर होता तोवर निघायला हवं होतं.

दादाच्या जिन्यात मी खोकं या काखेतून त्या काखेत घेतलं. वर्षानुवर्षं न बोललेल्या माणसाला पहिलं वाक्य काय म्हणावं? मी चांगली तीन-चार तयार केली होती. त्यातलं एक फारच भारदस्त होतं. दार वहिनींनी उघडलं. त्यांना जराही नवल वाटलेलं दिसलं नाही. "आलात भाऊजी? चहा टाकते. हे गॅलरीत आहेत, सांभाळून जा, खाली तारा आहेत."

गॅलरीत दादा पाठमोरा बसला होता. केस किती पांढरे झाले होते त्याचे! समोरच्या टेबलावर बाबांचा काळा ठोकळा, बाबांचा स्पीकर, एक कोरा पत्रा, आणि त्यावर कुठून कुठून जमवलेले व्हॉल्व्ह, उंच, बुटके, एक तर दुधी भोपळ्याएवढा. टेबलाला हुबेहूब माझ्या टेबलासारखा जळका डाग. दादानं वळून पाहिलं. माझं भारदस्त वाक्य विरघळून गेलं.

"आवाज कसा येतो?" मी विचारलं.

"बकरीसारखा," दादा म्हणाला. "तुझा?"

"पिंपातल्यासारखा. आणि मग पाण्याच्या मोटारीसारखा."

तो हसला नाही. त्यानं बाजूचा स्टूल माझ्याकडे सरकवला. "आई मागच्या खेपेला म्हणाली, एकदा ऐकायचं होतं. मला वाटलं, व्हॉल्व्ह काय जगात दोनच आहेत?" मग टॉवेलाकडे बघत म्हणाला, "आणलंस?"

मी टॉवेल सोडला. दादानं बोटाच्या टोकानं व्हॉल्व्हवरची धूळ पुसली. किती वेळ पुसत होता कोण जाणे, धूळ एवढी नव्हती. मला तर समोरचं नीट दिसेनाच.

पण असलं फार वेळ चालणं आमच्या घराण्यात शक्यच नाही. "निळी वायर इकडे," दादा म्हणाला. मी म्हटलं, "निळी नाही, लाल." "मी मोठा आहे." "मोठा असशील, पण तार मी धरली होती." "आणि लाथ मी मारली होती, आठवतंय ना?" आठवत होतं. आवाज चढत चढत गेले. समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली. शेवटी मीटर लावून पाहिलं, तर निळीही नव्हती आणि लालही नव्हती, पिवळी होती.

पिवळी जोडून होतेय तोच बेल वाजली. दारात माझी बायको, तिच्या काखेत तबकडीचं यंत्र, आणि तिचा हात धरून आई. "टॅक्सी सांगून ठेवली होती," बायको म्हणाली. वहिनी म्हणाल्या, "मी फोन केला, निळ्या-लाल वायरवर आले म्हणून." तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. माझा फ्यूज गेला की तिकडे कळत होतं, दादाचा गेला की इकडे. दोघी मिळून महिनोन् महिने आमचं हसं करत होत्या.

आईला खुर्ची दिली. बटण दाबलं. व्हॉल्व्ह सावकाश उजळले. आधी ती ओळखीची बारीक घरघर आली, बाबा घसा खाकरायचे तशी. मग ती बाई गायला लागली, आणि खोली भरली. तबकडीवर मधोमध चरा आहे, तिथं गाणं अडकलं. दादानं आणि मी एकदमच हात पुढे केला आणि पुन्हा एकमेकांवर खेकसलो, "तू राहू दे!" "तूच राहू दे!"

"हे ते," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि चेहरा हसत होता.

गाणं संपलं. मग दादा मोठ्या मनानं म्हणाला, "धाकट्या, तूच घेऊन जा सगळं." मी म्हटलं, "छे, छे, तुझ्याकडे जागा आहे, तूच ठेव." "अरे, ने म्हणतो ना!" "नाही, दादा, तुझाच हक्क."

"सोडवा ते," आई म्हणाली.

"काय सोडवा?"

"तारा सोडवा. ज्याचं त्यानं आपापलं घेऊन जायचं." तिनं पदरानं डोळे पुसले. "मी तेव्हा मुद्दाम तशी वाटणी केली होती, गाढवांनो. म्हटलं, एकट्याला वाजवता येणार नाही, म्हणजे आठवड्याला नाही तर महिन्याला तरी एकमेकांकडे येतील. मला काय ठाऊक, माझ्या पोटी असले हट्टी जन्मलेत! शेवटी दोघांनाही सांगावं लागलं, ऐकायचंय म्हणून. मला काय, गाणं पाठ आहे."

आम्ही दोघं खाली बघत पक्कड शोधायला लागलो. बराच वेळ सापडली नाही. ती दादाच्या खिशातच होती.

त्या दिवशी मी व्हॉल्व्ह मोज्यांत घालून खोक्यासकट घरी आणले. पुढच्या रविवारी दादा पिशवीत ठोकळा आणि काखेत स्पीकर घेऊन माझ्याकडे आला, त्याच्या पुढच्या रविवारी मी गेलो. वजनमापे आमच्याकडच्या प्रत्येक रविवारी ठोकळा उचलून बघायचे आणि वजन बरोबर असल्याची ग्वाही द्यायचे. आई मधे बसून ऐकायची. गाणं कमी आणि आमची निळी-लाल जास्त. पिवळी हे दोघांनाही पाठ होतं, पण सुरुवात निळ्या-लालपासूनच व्हायची.

आता आई नाही. तबकडीचं यंत्र कुणाकडे जावं यावर आम्ही भांडलो नाही. ते एक रविवार माझ्याकडे असतं, एक रविवार दादाकडे. परवा दादाची मुलगी आली होती. ती मोठी इंजिनियर आहे. तारा जोडणं-सोडवणं बघून तिला आमची दया आली. म्हणाली, "काका, बाबा, ह्या वयात दर वेळी हे ओझं कशाला वाहता? द्या इकडे, एकाच खोक्यात कायमचं पक्कं बसवून देते."

"हात लावू नकोस!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

पोरगी दचकून मागे सरली. आयुष्यात पहिल्यांदाच आम्हा भावांचं कुठल्या तरी गोष्टीवर एकमत झालं होतं. मग आधी कोण ओरडलं यावरून संध्याकाळपर्यंत भांडलो.